काळीची साखळी आणि पांढरीची भिंत



आपल्या शिरूरच्या किंवा दौंडच्या जुन्या वस्तीत वडिलांचे घर उतरवून त्याच जागी नवे बांधावयाचे म्हटले, म्हणजे गवंड्याच्या आधी मोजणीदाराला बोलवावे लागते. तो येतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना नोटिसा पोचलेल्या असतात, ओट्यावर चार माणसे जमतात, फीत ताणली जाते. आणि ज्या भिंतीला टेकून तीन पिढ्या उन्हाळ्यात बसल्या ती भिंत कोणाची, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा विचारला जातो. शेजारी वाईट असतो असे नाही, मोजणीदारही लबाड असतो असे नाही. तरीही भांडण होते. ते का होते याचे उत्तर पुष्कळसे इतिहासात आहे, आणि तो इतिहास आपल्या या दोन तालुक्यांच्या अगदी अंगणात घडलेला आहे. म्हणून हा विषय मी आज निवडला. मोजणीसारख्या रुक्ष विषयावर व्याख्यान कसले, असे म्हणणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, की आपापल्या घराचे खरेदीखत आज रात्री एकदा काढून वाचावे.

जुन्या मराठी गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मातीच्या घरांच्या राखुंडी, पांढुरक्या मातीवरून पडलेले नाव. राजाचे लक्ष काळीवर, कारण धान्य तेथे पिके. शिवकाली जमीन मोजण्यास पाच हात पाच मुठींची काठी ठरविली होती. अशा वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. पांढरीला ही काठी लागत नसे. घरांवर, दुकानांवर कर होते, पण ते माणसाच्या धंद्याकडे पाहून. घराखालच्या जमिनीची लांबीरुंदी कोणी विचारीत नसे.

मग हद्दीचे तंटे होत नसत काय? पुष्कळ होत. पण ते मोडण्याची रीत निराळी होती. गोत जमे, पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे बसत, म्हाताऱ्यांच्या साक्षी होत, आणि शेवटी महजर लिहिला जाई. गावांच्या शिवेचा वाद चिघळला तर दिव्य करीत. एखादा मान्य माणूस, पुष्कळदा गावचा महार, कारण शिवेची खडान्खडा माहिती त्याच्याकडे, देवाची शपथ घेऊन शिवेवरून चालत जाई. त्याची पावले पडतील ती शीव. ठरलेल्या मुदतीत त्याच्या घरी काही अरिष्ट आले तर तो खोटा ठरे. ही पद्धत आज आपल्याला भाबडी वाटते, आणि ज्याच्या माथी ते दिव्य येई त्याच्यावर ती क्रूरही होती. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत होती: हद्द ही माणसांच्या आठवणीत असते, आणि सर्वांसमक्ष ती एकदा चालून दाखवावी लागते.

आपल्या जुन्या खरेदीखतांत हीच समजूत उतरलेली दिसेल. ‘तीन खणी घर, पुढे ओटी, मागे परसू, पूर्वेस अमक्याची भिंत, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस तमक्याचे जोते, उत्तरेस बोळ.’ यालाच चतुःसीमा म्हणतात. आता खण म्हणजे काय? दोन खांबांमधील अंतर, आणि ते सुताराच्या हाताप्रमाणे व लाकडाच्या लांबीप्रमाणे कमीजास्त होई. म्हणजे घर किती मोठे हे कागद सांगत नाही. ते कोणाच्या शेजारी आहे एवढे सांगतो. शेजारी बदलला, भिंत पडली, बोळ बुजला, की कागदातले घर अधांतरी राहते.

इंग्रजी अमलात मोजणीची साखळी आली ती पुणे जिल्ह्यातच. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि दहाएक वर्षांत प्रिंगल नावाच्या मुलकी अंमलदाराने दख्खनची पाहणी आरंभिली. शेताचे निव्वळ उत्पन्न काढावयाचे आणि त्याचा ठरावीक भाग सारा म्हणून घ्यावयाचा, अशी त्याची अर्थशास्त्रीय कल्पना. कागदावर ती सुरेख होती. प्रत्यक्षात मोजण्या चुकल्या, हाताखालच्या लोकांनी पैसे खाल्ले, दर न पेलण्यासारखे बसले आणि कुणबी जमिनी टाकून निघून गेले. तेव्हा गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनियर पलटणीतला तरुण लेफ्टनंट अशा दोघांनी १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. इंदापूर म्हणजे दौंडची पूर्वेची शेजारीण. तेथून ही पद्धत भीमथडीत आली, म्हणजे ज्या तालुक्यातून पुढे आजचा दौंड तालुका निघाला तेथे. आणि मग सबंध मुंबई इलाख्यात पसरली. १८४७ साली या दोघांनी डेव्हिडसनसह जो संयुक्त अहवाल लिहिला, तो या पद्धतीचा पाया होय.

त्यांचे हत्यार तेहतीस फुटांची साखळी आणि काटकोन साधण्याचा शंकू. साखळीचे सोळा भाग, प्रत्येकाला ‘आणा’ म्हणत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आपण आजही गुंठा म्हणतो तो हाच, मीटर येऊन इतकी वर्षे झाली तरी. रुपयाचे सोळा आणे गेले, साखळीचे सोळा आणेही गेले, गुंठा मात्र राहिला.

आता एक हिशेब मांडू. दहा एकरांचे चौकोनी शेत घ्या. त्याची प्रत्येक बाजू वीस साखळ्यांची, म्हणजे ६६० फूट. ते मोजताना एका बाजूत एका आण्याची चूक झाली असे समजा. आणा म्हणजे पावणेपंचवीस इंच. क्षेत्रात फरक पडेल सुमारे १३६० चौरस फुटांचा, सव्वा गुंठ्याचा. एकरी आठ आणे सारा धरला तर सरकारच्या वसुलीत किती फरक पडला? एक जुना पैसा. एका पैशासाठी कोण रडणार! मोजणी साऱ्यासाठी होती आणि साऱ्याच्या कामाला ती पुरेशी बारीक होती. गोल्डस्मिड आणि विंगेट यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी दिलेला नंबर, कोपऱ्यावर रोवलेला दगड, मोजणीचे टिपण, यांवर आपल्या जमिनींची व्यवस्था दीर्घकाळ उभी राहिली आहे.

पण हाच आणा पांढरीत आणून पाहा. पावणेपंचवीस इंच! जुन्या मातीच्या भिंतीची जाडी साधारण तेवढीच. म्हणजे शेताच्या मोजणीत जे सर्वांत लहान माप, ते गावात एक सबंध भिंत होते. काळीच्या साखळीने पांढरी मोजता येतच नव्हती, आणि त्यांनी ती मोजलीही नाही. गावठाणावर शेतसारा नव्हता. म्हणून गावाच्या नकाशात शेते नंबरवार काटेकोर दाखविली आणि मधोमध गावठाण एकाच तुकड्याने मोकळे सोडले. ज्या जागेत माणसे जन्मली, मेली आणि भांडली, ती नकाशावर कोरी राहिली.

कागदाचे बळ मात्र आपल्या भागाने लवकरच पाहिले. १८७५ चे शेतकऱ्यांचे बंड म्हटले म्हणजे १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात पेटलेले कर्जरोखे आपल्याला आठवतात. (न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही त्याच वर्षी.) पण त्या बंडाची पहिली ठिणगी शिरूर तालुक्यातील कर्डे गावी आदल्या डिसेंबरात पडली होती, आणि ती एका घरावरून पडली. कालूराम नावाच्या सावकाराने तेथील बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळविला, त्यात देशमुखांचे घर व जमीन अवघ्या दीडशे रुपयांत घेतली, आणि तडजोडीचे बोलणे न ऐकता घर पाडावयास लावले. जमिनी तर पुष्कळांच्या जात होत्या. पण गावात उंचावर दिसणारे देशमुखांचे घर एकेक तुळई काढून उतरविले जाते आहे, हे दृश्य लोकांना सोसले नाही. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. कोणी पाणी भरीना, कोणी हजामत करीना. अखेर सावकारांना आपला पसारा गाड्यांत घालून शिरूरला हलवावा लागला. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनने हा प्रसंग आवर्जून नोंदविला आहे. त्यात शेतसाऱ्याचे नवे दर, कापसाची मंदी, सावकारी ही सर्व कारणे आहेतच. पण मला नेहमी वाटते की काळी गेली तर माणूस कुळ म्हणून राहतो, पांढरी गेली तर गावचा राहत नाही, हे कर्ड्याच्या लोकांना कमिशनच्या आधी कळले होते.

गावठाणे आणि शहरे मोजण्याची गरज सरकारला पटू लागली ती याच सुमारास. मुंबई शहरात कर्नल लॉटन याने १८६५ पासून १८७२ पर्यंत इंचाला चाळीस फूट या प्रमाणावर गल्लीबोळ मोजले. इलाख्यातील गावांसाठी १८६५ चा मोजणीचा कायदा होता; १८६८ च्या चौथ्या कायद्याने तो शहरांच्या जागांनाही लावण्याची सोय केली. शिरूरची नगरपालिका स्थापन झाली तीही १८६८ सालीच. पुढे १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने गावठाणातील जागा मोजून, चौकशी करून, धारकाला सनद देण्याची रीत घालून दिली, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने ती चालू ठेवली. आज ज्याला आपण सिटी सर्व्हे म्हणतो आणि ज्याचा उतारा मिळकत पत्रिका म्हणून घेतो, ते हे काम. शेताला सर्व्हे नंबर, घराला सिटी सर्व्हे नंबर. एकाचा कागद सातबारा, दुसऱ्याचा मिळकत पत्रिका. घर बांधणाऱ्याने आपले घर यांपैकी कोणत्या कागदावर आहे ते आधी पाहावे. निम्मे घोटाळे तेथेच होतात.

शिरूर आणि दौंड या बाबतीत अगदी निराळ्या जातीची गावे आहेत.

शिरूर, म्हणजे आपली घोडनदी, छावणीचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांची फौज येथे नदीकाठी पडली होती. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर येथे आहे, आणि लोक त्याला सत्पुरुष मानून नवस बोलत, अशी गॅझेटिअरमध्ये नोंद आहे. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावच्या वाटेला लागली ती येथूनच. छावणी म्हटली की बाजार आलाच. छावणी उठून गेली, बाजार मागे राहिला, व्यापारी पेठ झाली. अशा पेठेत घरे एकमेकांना खेटून, दर्शनी बाजू अरुंद आणि मागे खोल. कारण प्रत्येकाला रस्त्यावर दुकानाचे तोंड हवे. येथे तंटा होतो तो बाजूच्या लांब भिंतीचा.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या वडिलोपार्जित घराची उत्तरेची भिंत चाळीस फूट लांब आणि अडीच फूट जाड, मातीची, आतून बाहेरून पांढऱ्या मातीने लिंपलेली. घर उतरवून नवे बांधण्याचे ठरले. नवी भिंत विटांची, नऊ इंची. म्हणजे जुन्या भिंतीतून एकवीस इंच सुटणार; चाळीस फूट लांबीत ती जागा ७० चौरस फूट. ती कोणाची? आमच्या खतात लिहिले होते, ‘उत्तरेस अमक्याचे घर.’ शेजाऱ्याच्या खतात, ‘दक्षिणेस अमक्याची भिंत.’ आमचे खत भिंतीबद्दल गप्प, त्यांचे खत भिंत आमची म्हणते, आणि त्यांची चार सरे मात्र त्याच भिंतीवर टेकलेली! सिटी सर्व्हेच्या नकाशात रेघ होती ती भिंतीच्या मध्यातून. आणि ती रेघसुद्धा नकाशावर पेन्सिलीच्या जाडीची. प्रमाण लक्षात घेतले तर तीच जमिनीवर काही इंच रुंद.

मोजणीदार वयस्क होता. त्याने फीत लावली, आणि मग फीत गुंडाळून दोन्ही घरांतून आत फिरून आला. कोनाडे कोणत्या बाजूला किती खोल आहेत ते त्याने पाहिले. तुळयांची टोके कोठे संपतात ते पाहिले. वळचणीचे पाणी कोणाच्या अंगणात पडते ते विचारले. मग म्हणाला, ‘बाबासाहेब, नकाशा मधली रेघ दाखवतो आणि भिंतही तेच सांगते आहे. दोन्हीकडचे कोनाडे सारखे खोल आहेत. ही सामाईकच असणार.’ आम्हाला ते पटले नाही. शेजाऱ्यालाही पटले नाही. आम्ही निमताना मोजणी मागितली; तीतही तेच निघाले. मधल्या काळात दोन्ही घरांतील हळदीकुंकू बंद झाले, आणि माझी आई, जिला त्या सत्तर फुटांचे काहीच पडलेले नव्हते, दोन वर्षे चैत्रात त्यांच्या घरची कैरीची डाळ चुकली म्हणून हळहळत राहिली. शेवटी साध्या कागदावर दोघांनी सह्या केल्या: मध्यरेघेपासून आपापल्या बाजूला आपापली भिंत, आणि पावसाळ्याचे पाणी ज्याचे त्याने आपल्या हद्दीत घ्यावे. हा कागद पहिल्या दिवशी करता आला असता. पण पहिल्या दिवशी आम्हा दोघांनाही मोजणी म्हणजे निकाल वाटत होता. ती साक्ष होती.

दौंडचे तसे नाही. भीमेकाठचे जुने गाव लहान. आगगाडीने त्याला शहर केले. पुण्याहून दिकसाळपर्यंतची गाडी १८५८ च्या डिसेंबरात सुरू झाली ती दौंडवरून, आणि १८७८ साली मनमाडचा फाटा येथे येऊन मिळाला. इंग्रजी कागदांत गावाचे नाव ‘धोंड’ असे पडले, ते त्या काळच्या लिहिण्याचे. रेल्वेने आपली जमीन वेगळी मोजून, हद्दीचे खांब रोवून घेतली. तिच्या कागदांचा गावच्या दप्तराशी संबंध बेताचाच. कामगार आले, बाबू आले, दुकानदार आले. गावठाण पुरेना. तेव्हा वस्ती पसरली ती काळीवर, शेतांच्या नंबरांवर.

येथे मघाचा तो आणा पुन्हा पुढे येतो. जे शेत साऱ्यासाठी मोजले होते, त्याच शेताचे प्लॉट पडले. बिनशेती परवानगी घेऊन, नकाशा मंजूर करून जेथे हे झाले तेथे निभावले. पण पुष्कळ ठिकाणी मालकाने बांधावर उभे राहून दोरीने गुंठे कापले आणि विकले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून होता. तरी विकले, आणि घेणाऱ्यांनी घेतले, कारण त्यांना राहावयास जागा हवी होती. सातबाऱ्यावर एका नंबराखाली नावांची रांग लागली, कोणाचा तुकडा कोठे ते कागदावर नाही. अखेर २००१ साली शासनाला गुंठेवारीचा खास कायदा करून अशा वस्त्या नियमित करण्याची वाट काढावी लागली. अशा नंबराची आज हद्द कायम मोजणी करावयाची म्हटले म्हणजे जुने टिपण काढावे लागते. दहा एकरांत त्या वेळी चालून गेलेला सव्वा गुंठा आता कोणा एकाच्या वाट्याला येतो, आणि तो बहुधा सर्वांत शेवटी प्लॉट घेणारा असतो. ज्या फरकाची सरकारी किंमत एक पैसा होती, तेवढ्या जागेत आज दोन खोल्या, मोरी आणि जिना बसतो. दौंडच्या काही आळ्या वाकड्या का आहेत असे बाहेरचे लोक विचारतात. पुष्कळदा ती बैलांनी जुना बांध जसा वळविला तशी वळलेली असते.

खेड्यांच्या गावठाणांचे काम मात्र फार मागे राहिले होते. मोठ्या वस्तीची गावे आधी मोजली गेली, लहान खेडी बहुतेक तशीच. आता तेथे यंत्र आले आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी मानवरहित विमान उडवून गावठाण टिपण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व या नावाने ही योजना देशभर जाहीर झाली. म्हणजे इंदापूरच्या साखळीप्रमाणे हेही काम आपल्याच जिल्ह्यातून निघाले. इंदापूरच्या वेळी कोरे सोडलेले गावठाण आता नकाशावर भरू लागले आहे. चित्र इतके स्वच्छ येते की कौलांच्या ओळी मोजता याव्यात.

पण विमान वरून पाहते, आणि वरून छप्पर दिसते. भिंत छपराखाली असते. वळचण भिंतीपुढे दोन दोन फूट आलेली, दोन घरांची कौले एकमेकांवर चढलेली. त्यांच्या खाली हद्द कोठून जाते ते त्या यंत्राला कळत नाही. म्हणून उड्डाणाच्या आधी सरकारी माणूस चुन्याची पिशवी घेऊन गावात येतो, आणि ती रेघ कोठून ओढावयाची हे दाखविण्यासाठी दोन्ही घरांतील माणसांना ओटा उतरून बोळात यावे लागते.